वाचनालयाच्या संगणकाला डिस्क दिसेना : कामाच्या नोंदी

७ जुलै २०२४, रविवार

संध्याकाळी काकूंचा फोन आला. आमच्या गावच्या वाचनालयाच्या त्या ग्रंथपाल. मी चौथीत असल्यापासून त्यांच्या टेबलावरून पुस्तकं नेतोय. आवाज अगदी उतरलेला होता.

"अरे, संगणक चालू होतो, पंखा फिरतो, पण काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येतं आणि तिथंच थांबतो. तालुक्याला दुकानात नेऊन आणला. ते म्हणाले, दोन्ही डिस्क गेल्या, नवीन संगणकच घ्या. अठ्ठावीस हजार सांगितले."

मी विचारलं, आतलं सगळं दुसरीकडे कुठे काढून ठेवलंय का? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "पेनड्राइव्हवर होतं रे. तो पेनड्राइव्हच सापडत नाहीये."

त्या मशीनमध्ये काय आहे ते इथं लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या कामाचं वजन लक्षात राहील. एक, साडेनऊ हजारांच्या आसपास पुस्तकांच्या नोंदी. काकूंनी २०१४ पासून तीन वर्षं, वाचक यायच्या आधीचा रोज एक तास बसून, एका बोटानं टाइप केलेल्या. दोन, सभासदांची देवघेव. तीन, १९५१ पासूनच्या इतिवृत्तांची स्कॅन केलेली पानं. कागदावरच्या दाखल नोंदवहीचा पहिला खंड २०१९ च्या पावसात भिजून विटेसारखा घट्ट झाला. इतिवृत्ताच्या दोन वह्या स्कॅन केल्यानंतर वाळवीनं संपवल्या. म्हणजे कितीतरी गोष्टींची वाचता येण्यासारखी एकच प्रत उरली आहे, आणि ती या संगणकात आहे.

काकूंना एवढंच सांगितलं, की मी येईपर्यंत चालू करून बघू नका. कुणालाही करू देऊ नका.

९ जुलै, मंगळवार

सकाळपासून पाऊस थांबलेला नाही. माझं दुकान दुपारी दोनला बंद करून वाचनालयात गेलो.

मशीन २०१३ सालचं, जोडून घेतलेलं. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, एच ६१ चिपसेटचा बोर्ड, विंडोज ७. मायक्रोसॉफ्टनं विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद केले, पण या मशीनला इंटरनेट जोडलेलंच नाही, त्यामुळे तो विषय आज बाजूला. आत दोन डिस्क : २०१७ मध्ये टाकलेली १२० जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवाली डिस्क, तिच्यावर विंडोज, आणि मूळची ५०० जीबीची साडेतीन इंची हार्ड डिस्क, तिच्यावर सगळा डेटा.

चालू केल्यावर पडद्यावर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये, गेलो. या बोर्डाला साटाचे, म्हणजे डिस्क जोडायचे, चार पोर्ट आहेत. एकासमोर डीव्हीडी ड्राइव्हचं नाव, बाकी तिघांसमोर ‘नॉट प्रेझेंट’. तारीख १ जानेवारी २०१२. तारखेची गोष्ट वहीत लिहून ठेवली. तिचा आजच्या प्रश्नाशी संबंध असेलच असं नाही, पण ती खोटी आहे म्हणजे काहीतरी सांगतेय.

डीव्हीडी दिसतोय ही आजची सर्वांत महत्त्वाची खूण. साटाचा कंट्रोलर चिपसेटच्या आतच असतो. तो गेला असता तर डीव्हीडीही दिसला नसता. आणि एक फिरती डिस्क नि एक चिपवाली डिस्क, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, दोन वेगळ्या वयांच्या, एकाच रात्री मरत नाहीत. विजेचा मोठा झटका बसला तर मरतात, पण मग बोर्ड आणि एसएमपीएसवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यावर, काहीतरी जळल्याची खूण असती. तेव्हा पहिला प्रश्न असा : या दोघींमध्ये सामाईक काय आहे?

कॅबिनेट उघडलं. कुबट वास. डीव्हीडीच्या खालच्या रिकाम्या खणात पालीची दोन अंडी, पांढरी, बारीक गोट्यांएवढी. कागदावर घेऊन बाहेर जांभ्याच्या गडग्यात ठेवली. मागच्या जाळीवर धुळीचा ओला थर होता. मग हार्ड डिस्कवर तळवा ठेवून काकूंना बटण दाबायला सांगितलं. हार्ड डिस्क सुरू होताना हाताला एक हलकी झिणझिण लागते, मग ती स्थिर होते. इथं काहीच नाही. दगडावर हात ठेवल्यासारखं.

डेटा केबलची अदलाबदल केली. डीव्हीडीची केबल आणि पोर्ट हार्ड डिस्कला दिला : दिसली नाही. हार्ड डिस्कची केबल आणि पोर्ट डीव्हीडीला दिला : लगेच दिसला. म्हणजे केबल ठीक, पोर्ट ठीक. डेटाच्या वाटेवर दोष नाही.

काळोख पडला, वीजही जायला लागली. उरलेलं उद्या.

१० जुलै, बुधवार

आज दोष सापडला. सविस्तर लिहितो, कारण तालुक्याच्या दुकानदाराची चूक इथं झाली, आणि घाईत ती माझ्याकडूनही झाली असती.

या जुन्या एसएमपीएसला साटाचा पॉवर कनेक्टर एकच आहे आणि तो डीव्हीडीला लावलेला. २०१७ मध्ये एसएसडी टाकताना कुणीतरी जुन्या चार पिनांच्या मोलेक्स या पॉवर कनेक्टरवर एक स्प्लिटर बसवला : एका मोलेक्समधून दोन साटा. दोन्ही डिस्क त्याच स्प्लिटरवर. सामाईक गोष्ट ती हीच.

डीव्हीडीचा पॉवर काढून एसएसडीला लावला. बायोसमध्ये तिचं नाव आलं. काकू मागे उभ्या होत्या, त्यांनी हात जोडले. मी म्हटलं, काकू, थांबा, ही विंडोजवाली आहे, तुमची पुस्तकं दुसरीवर आहेत. पण मलाही बरं वाटलंच.

आता स्प्लिटरला नेमकं झालंय काय? मल्टिमीटर लावला. पिवळ्या तारेवर १२.१ व्होल्ट, लाल तारेवर ५.०४. दोन्ही बिनचूक. एसएमपीएसना लागू असलेल्या एटीएक्सच्या नियमानं पाच टक्के इकडंतिकडं चालतं, म्हणजे ५ व्होल्टची लाइन ४.७५ ते ५.२५ मध्ये हवी. दुकानदारानंही हेच मोजलं असणार : पाच बरोबर, बारा बरोबर, म्हणजे डिस्कच गेल्या.

पण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. नळाला थेंबभर पाणी येत असलं तरी तोटी बंद असताना पाइपातला दाब पूर्णच दिसतो. तोटी उघडल्यावर कळतं. म्हणून दुकानातून आणलेला पाच ओहमचा, दहा वॅटचा सिरॅमिक रेझिस्टर लाल आणि काळ्या तारेत जोडला. एक अँपिअर ओढेल असा. मीटर ५.०४ वरून सरळ ३.१ वर उतरला. तोच रेझिस्टर एसएमपीएसच्या दुसऱ्या, मोकळ्या मोलेक्सवर लावला : ४.९७. एसएमपीएस धडधाकट आहे, मधला सांधा सडलाय.

हिशेब मांडून पाहिला. ३.१ व्होल्टला पाच ओहममधून ०.६२ अँपिअर जातात, सांध्यावर १.९४ व्होल्ट गळतात. म्हणजे त्या एका पिनेत तीन ओहमचा अडथळा. तिथं सव्वा वॅटच्या आसपास उष्णता तयार होते, आणि तीही शेंगदाण्याच्या टोकाएवढ्या जागेत. मोलेक्स उपसून उजेडात धरला. पिवळ्या तारेची पिन चकचकीत. लाल तारेची पिन अर्धी मागं सरकलेली, तिच्यावर हिरवट-काळी पुटं, आणि भोवतीचं पांढरं प्लॅस्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी.

लाल तार गेली की दोन्ही डिस्क का गेल्या, तेही इथं जुळतं. अडीच इंची एसएसडी फक्त ५ व्होल्टवर चालते. हार्ड डिस्कची मोटर १२ व्होल्टवर फिरते, पण ती फिरवायची आज्ञा देणारी तिची पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, ५ व्होल्टवर जगते. पाच नाही तर आज्ञा नाही, मग बारा असून उपयोग काय?

साच्यात ओतलेले असे स्वस्त स्प्लिटर मी यापुढे कुठेही वापरणार नाही. त्यांत तारा प्लॅस्टिकमध्ये पुरलेल्या असतात, आत काय होतंय ते दिसत नाही, आणि कधीकधी आतल्या आत शॉर्ट होऊन पेटतातही. इथं नुसती पिन सडली, हे वाचनालयाचं नशीब. चहूबाजूंनी कागद आहे.

११ जुलै, गुरुवार

हार्ड डिस्क दुकानात आणली. माझ्या टेबलावरच्या मशीनला चांगला पॉवर, चांगली केबल, आणि पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स. विंडोज मुद्दाम नाही; ते डिस्क दिसताच तिच्यावर काहीबाही लिहायला लागतं.

पॉवर दिला. फिरली. हाताला झिणझिण लागली. मग टक्, टक्, टक्, थोडं थांबून पुन्हा टक् टक्, आणि मोटर मंदावत थांबली. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींत आधी ‘लिंक इज स्लो टु रिस्पॉन्ड, प्लीज बी पेशंट’, मग ‘कॉमरिसेट फेल्ड’, शेवटी ‘लिंक डाउन’.

लगेच पॉवर काढला. दुसऱ्यांदा लावला नाही.

टक् टक् करणारी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून बघणं हा माणसाचा स्वभाव आहे. मीही पूर्वी केलंय. वाचणारं डोकं जागा शोधत आपटत असतं. ते खरंच बिघडलेलं असेल तर प्रत्येक खेपेला तबकडीवर ओरखडा पडायची भीती असते. काकूंना फोन करून खरं ते सांगितलं : एक सापडली, दुसरी आजारी आहे, दोन दिवस मी तिला हात लावणार नाही, विचार करतोय.

"घाई नको करू रे," म्हणाल्या. "दहा वर्षं लागली ती टाइप करायला आणि सांभाळायला. दोन दिवसांनी काय होतंय?"

१२ जुलै, शुक्रवार

एसएसडीची पूर्ण प्रत काढून ठेवली. काही अडचण नाही.

मग ती वाचनालयाच्या मशीनला लावली. विंडोजचं चिन्ह उमटायच्या आत निळा पडदा, एररच्या आकड्याच्या शेवटी ७बी. हा आकडा ओळखीचा : विंडोजला जिच्यावरून सुरू व्हायचं ती डिस्क सापडत नाही. बायोसला दिसते, विंडोजला नाही.

इथं ती खोटी तारीख कामाला आली. बोर्डावरचा बटणसेल मोजला : १.२ व्होल्ट. तीन हवेत. सीआर २०३२, वीस मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, सगळीकडे मिळणारा. भिंतीतून वीज येत असेल तेव्हा संगणक बंद असला तरी बायोसचं घड्याळ एसएमपीएसवर चालतं, सेलवर भार येत नाही. पण आमच्याकडे विजा कडाडायला लागल्या की लोक प्लगच उपसून ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. काकूही रोज रात्री उपसतात. अकरा वर्षं रोज रात्रभर या एका सेलनं घड्याळ सांभाळलं आणि तो संपला. सेल संपला की बायोस मूळ ठरावावर जातो, आणि या बोर्डाच्या मूळ ठरावात साटाची पद्धत, म्हणजे डिस्कशी बोलायची रीत, जुनी आयडीई आहे. विंडोज बसवलं होतं एएचसीआय या नव्या पद्धतीत. सात नंबरच्या विंडोजला हा बदल परस्पर केलेला चालत नाही.

नवा सेल, तारीख-वेळ बरोबर, साटा एएचसीआयवर. विंडोज सुरू झालं. तारीख आधी लावली हे बरं झालं. देवघेवीचा प्रोग्रॅम सुरू होताच तारीख बघून थकलेल्या पुस्तकांची यादी करतो. २०१२ च्या तारखेनं त्यानं काय करून ठेवलं असतं कोण जाणे.

म्हणजे एकाच वेळी दोन वेगळे दोष होते, आणि बाहेरून दिसणारं लक्षण एकच : संगणक सुरू होत नाही. नुसता सेल बदलला असता तरी फरक पडला नसता, नुसता स्प्लिटर बदलला असता तर निळा पडदा बघून एसएसडीच खराब आहे असं वाटलं असतं.

१४ जुलै, रविवार

दुकान बंद. आज मन शांत होतं, म्हणून हार्ड डिस्क घेतली.

विचार असा केला. टक् टक् म्हणजे डोकं खराब, असं लोक धरून चालतात. पण पाटी आणि डोकं यांच्यामध्ये आणखी एक सांधा असतो. हार्ड डिस्कची हिरवी पाटी बाहेरून स्क्रूंनी बसवलेली असते आणि तिच्या आतल्या अंगाला छोटे छोटे धातूचे ठिपके असतात. डब्यातून वर आलेल्या स्प्रिंगच्या टोकदार पिना त्या ठिपक्यांवर नुसत्या टेकतात. सोल्डर नाही, काही नाही. एक गट मोटरचा, दुसरा डोक्यांचा. अकरा पावसाळे या हवेत काढल्यावर लाल तारेच्या पिनेचं जे झालं, तेच या ठिपक्यांचंही झालं असेल तर? मोटर फिरते म्हणजे तिचे ठिपके अजून भागवतायत. डोक्यांकडून येणारा संदेश मात्र फार नाजूक असतो.

सीलबंद झाकणाला हात लावायचा नव्हता. ते उघडायची जागा माझं टेबल नव्हे. पाटी मात्र बाहेरची.

सहा टोकांच्या चांदणीचा टी-६ स्क्रू ड्रायव्हर. आधी मनगटाला अर्थची पट्टी. सहा स्क्रू काढून ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं चिकटपट्टीवर लावून ठेवले. पाटी हलकेच उचलली, खालचा फोमचा तुकडा तिच्यासोबत थोडा चिकटून आला. उलटी करून दिव्याखाली धरली.

मोटरचे चार ठिपके राखाडी. डोक्यांचे वीसएक ठिपके काळेकुट्ट, जुन्या चांदीच्या पैंजणांसारखे. प्रत्येकाच्या मधोमध जिथं पिन टेकते तिथं सुईच्या टोकाएवढा उजळ खड्डा, आणि तीनचार ठिपक्यांना तोही नाही.

शाळेतलं पांढरं खोडरबर तिरकं कापून त्याच्या टोकानं एकेक ठिपका घासला, दाब न देता, एकाच दिशेनं. ब्रशनं रबराचा चुरा झाडला. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस काडीला गुंडाळून पुसलं. काळं निघत गेलं आणि खालून धातू उजळत आला. डब्याच्या बाजूच्या पिनांना फक्त अल्कोहोल, रबर नाही. त्या वाकल्या तर सगळं संपलं. अर्धा तास तसंच वाळू दिलं. पाटी बसवली, स्क्रू आमनेसामनेचे घेत थोडे थोडे पिळले.

दुसऱ्या डिस्कची तशीच पाटी आणून बसवायचा सल्ला अनेक जण देतात. आता बहुतेक डिस्कना तो लागू पडत नाही. पाटीवरच्या एका छोट्या चिपमध्ये त्याच डिस्कच्या डोक्यांची मोजमापं साठवलेली असतात. ती चिप सोबत न्यावी लागते.

पॉवर. झिणझिण. एकदाच टक्. मग शांतता, आणि डोकी जागेवर बसतानाची ती ओळखीची बारीक कुरकुर. कर्नलच्या नोंदीत मॉडेलचं नाव, सीरियल नंबर आणि ९७,६७,७३,१६८ सेक्टर.

मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो. मग फाइली उघडून बघायचा मोह आवरला आणि पॉवर काढला. रिकामी डिस्क हाताशी नव्हती.

१५ जुलै, सोमवार

एक टीबीची नवी डिस्क रत्नागिरीहून एसटीच्या पार्सलनं आली, संध्याकाळी. सोबत साटाचे चार कनेक्टर असलेला नवा एसएमपीएस.

आधी जुन्या डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे तिनं स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, वाचला. १९७ नंबरच्या ओळीत, म्हणजे वाचायला त्रास देणारे सेक्टर, ३८. पाच नंबरला, म्हणजे बदलून दिलेले सेक्टर, १२. १९९ नंबरला, म्हणजे केबलमधल्या चुका, शून्य. मंगळवारी केबलला सोडून दिलं ते बरोबर होतं. ३८ हा आकडा पुढं वाढणार हे धरून चालायचं.

ग्नू डीडीरेस्क्यू सुरू केला, रात्री साडेअकराला. अंतोनिओ दियास दियास यांनी लिहिलेला हा मुक्त प्रोग्रॅम आहे. साधी कॉपी अडलेल्या ठिकाणी डोकं आपटत बसते. हा सोपं तेवढं आधी उचलतो, अडलेली जागा सोडून पुढं उडी मारतो, आणि काय मिळालं, काय राहिलं याचा नकाशा एका फाइलीत लिहीत जातो. अवघड जागांकडे शेवटी वळतो, तोवर बाकीचं सगळं सुखरूप पलीकडे पोचलेलं असतं.

डिस्कवर टेबलफॅन लावला.

१६ जुलै, मंगळवार

रात्री पावणेदोनला वीज गेली. यूपीएस ओरडायला लागल्यावर जाग आली, खाली दुकानात धावलो. ६१ टक्के झालं होतं. कंट्रोल-सीनं थांबवलं, सगळं नीट बंद केलं. सकाळी पावणेसातला वीज आली. तोच हुकूम त्याच नकाशाच्या फाइलीसह पुन्हा दिला. ६१ वरूनच पुढं निघाला. वेग कधी ऐंशी मेगाबाइट, कधी तीन-चारवर रखडत.

पहिल्या फेरीअखेर ४.३ मेगाबाइट राहिलं. खरवडायची फेरी आणि तीन वेळा पुन्हा प्रयत्न, यांत दुपार गेली. शेवटी २१२ किलोबाइट उरलं. ५१२ बाइटचे ४२४ सेक्टर. ५०० जीबीमधले.

जुनी डिस्क काढून ठेवली. तिचं काम झालं.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

बाजार बंद. सकाळी विठ्ठलाच्या देवळात जाऊन आलो, मग प्रत उघडली. मूळची नाही, प्रतीची प्रत.

पुस्तकांच्या नोंदींची फाइल ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅमची. लिनक्सवर एमडीबी-टूल्सनं तक्ता बाहेर काढला आणि पोटात गोळा आला. पुस्तकाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं, उलटसुलट स्वल्पविराम. साडेनऊ हजार ओळी सगळ्या तशाच. पाच मिनिटं तरी मी फाइल बिघडलीच असं धरून बसलो होतो.

मग लक्षात आलं. २०१४ मध्ये काकूंनी हे टाइप केलं ते युनिकोडच्या आधीच्या काळातल्या फॉन्टमध्ये. त्या पद्धतीत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेला नसतो. साठवलेलं असतं एखादं इंग्रजी अक्षर, आणि फॉन्ट त्यावर ‘क’चं चित्र काढतो. फॉन्ट नसेल तर उरतं ते हे. तो फॉन्ट होता विंडोजच्या फोल्डरात, एसएसडीवर. शुक्रवारी काढलेल्या प्रतीतून उचलून इथं बसवला. तक्ता पुन्हा उघडला आणि पहिल्याच ओळीत दाखल क्रमांक १, ज्ञानेश्वरी, ‘भेट’. एकादशीच्या दिवशी. काकूंना फोन केला तेव्हा माझाही आवाज नीट फुटत नव्हता.

मशीन नव्यानं बसवून नुसता डेटा परत दिला असता तर हाच गोंधळ वाचनालयात झाला असता. पुढं कधीतरी हे सगळं युनिकोडमध्ये आणायलाच हवं. ते वेगळं, मोठं काम आहे.

आता ते ४२४ सेक्टर कुठल्या फाइलींत पडले? डीडीरेस्क्यूला न मिळालेल्या जागा ठरावीक मजकुरानं भरायला सांगता येतं. ‘इथं वाचता आलं नाही’ अशा अर्थाचे शब्द देऊन त्या जागा भरल्या आणि सगळ्या फाइलींत ते शब्द शोधले. बहुतेक रिकाम्या जागेत निघाले. पुस्तकांच्या नोंदी पूर्ण शाबूत. देवघेव शाबूत. इतिवृत्तांची तीन पानं मात्र सापडली. त्यांतली दोन ज्या वहीतली, ती वही कपाटात आहे. तिसरं पान १९५६ सालचं, वाळवीनं खाल्लेल्या वहीतलं.

२० जुलै, शनिवार

जोडणी. नवा एसएमपीएस, स्प्लिटर नाही, प्रत्येक डिस्कला सरळ कनेक्टर. तोच पाच ओहमचा रेझिस्टर लावून पुन्हा मोजलं : ४.९९. जाळी धुतली. मागच्या रिकाम्या पट्टीच्या फटीतून पाल येत होती, तिथं पत्र्याची पट्टी बसवली. बायोसमध्ये दोन्ही डिस्क आणि डीव्हीडी.

वाचनालयाच्या प्लगवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात १४ व्होल्ट निघाले. दोन-तीनच्या आत हवेत. अर्थिंगचा खड्डा जांभ्यात आहे आणि बहुधा कित्येक वर्षांत त्यात मीठ-कोळसा पडलेला नाही. पाऊस उघडल्यावर वायरमनला घेऊन यायचं. अध्यक्ष अण्णांच्या कानावर घातलं आहे.

काकूंसाठी दोन बाहेरच्या डिस्क केल्या. एक वाचनालयाच्या कपाटात, एक त्यांच्या घरी. दर शनिवारी अदलाबदल. कागदावर लिहून भिंतीवर लावलं. जुनी हार्ड डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, वर तारीख लिहून कपाटात ठेवली. टाकून द्यायची नाही.

२१ जुलै, रविवार, गुरुपौर्णिमा

आज वाचनालय उघडलं तेव्हा मी तिथं होतो. सात जण पुस्तकं घेऊन गेले. पंधरा दिवसांच्या वहीतल्या नोंदी काकूंनी चढवल्या. त्यांच्या पाया पडलो. पहिली ओळख पुस्तकांशी त्यांनीच करून दिली.

४ ऑगस्ट, रविवार

दोन आठवडे मशीन रोज चाललं. एसएसडीचा १९९ नंबर शून्यावर. तारीख बरोबर. अडचण कुठेच नाही.

दोन पानं वहीतून पुन्हा स्कॅन केली.

राहिलं ते १९५६ चं. स्कॅनचा वरचा अर्धा भाग स्वच्छ आहे, खालचा अर्धा नुसता करडा. वरती ठराव लिहिलाय : इमारतीची कौलं बदलण्याचं काम चालू असताना ज्या १४ जणांनी घरची पुस्तकं वाचनालयाला दिली, त्यांचे आभार. खाली नावं. सहा वाचता येतात, मग करडं.

काकू म्हणाल्या, "थांब. मी टाइप करताना प्रत्येक पुस्तकापुढं कुणाकडून आलं ते लिहिलंय." चाळणी लावली : वर्ष १९५६, ‘भेट’. एकशे तीन पुस्तकं, तेरा देणगीदार. सहा स्कॅनवर दिसणारे, सात न दिसणारे. काकूंनी ती सात नावं सुवाच्य अक्षरात कागदावर उतरवली, स्कॅनसोबत ठेवायला. त्यांतली दोन माझ्या आळीतली निघाली.

चौदावं नाव राहिलं आहे. १९५६ च्या ‘भेट’ पुस्तकांत चार अशी आहेत, ज्यांच्यापुढं देणगीदाराचा रकाना मोकळा आहे. ती चारही अजून कपाटात आहेत. पुढच्या रविवारी काढून त्यांची आतली पानं बघायची आहेत. त्या काळात लोक पहिल्या पानावर नाव घालत.